हजेरीची खुर्ची

कारखान्यात सगळेच तिला ताई म्हणत. धाकटा तर सख्खाच भाऊ. तो पत्रा कापायच्या यंत्रावर आणि ती अपघातांच्या नोंदवहीवर. त्या नोंदवहीइतकी स्वच्छ वस्तू अख्ख्या कारखान्यात दुसरी नव्हती.

त्याचं कारण साधं होतं. जखमी माणूस दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही, तरच अपघात नोंदवायचा, असा नियम. मॅनेजरने त्यातून पळवाट काढली. माणसाला गाडी पाठवून घरून आणायचं, ताईच्या खोलीतल्या खुर्चीत बसवायचं आणि हजेरी लावायची. एका फिटरचा हात पत्रा कापायच्या यंत्रात चेंगरला, तेव्हा तोही तिथेच कण्हत बसला होता. "काय जावईबापू, चहा घेणार का?" असं म्हणून ताईने त्याला हसवलंही होतं. आपण माणसाचं मन रमवतोय, असं तिला वाटायचं. काय म्हणावं या बाईला!

मग त्याच यंत्रात धाकट्याच्या उजव्या हाताची बोटं गेली.

मॅनेजरने नेहमीप्रमाणे गाडीची भाषा केली, तशी ताई जन्मात पहिल्यांदा त्याच्या अंगावर ओरडली. तिने सगळं लिहून काढलं. यंत्राची संरक्षक जाळी केव्हाच काढून ठेवली होती, हेही लिहिलं. भरपाई मिळाली तरच धाकट्याचा संसार उभा राहणार होता.

तपासणी अधिकारी आले. माणूस भला होता. नोंदवही पहिल्या पानापासून वाचली.

"यंत्रावर जाळी आहे की."

"काल बसवली, साहेब!"

"आधी नसती, तर कोणाला तरी लागलं असतं. इथे एकही नोंद नाही."

"लागलंय हो, कितीतरी जणांना. मीच लिहिलं नाही."

"तेव्हा खोटं लिहिलंत, मग आजचं खरं कशावरून? भाऊ आहे म्हणून?"

 ताईने त्या फिटरला बोलावून आणलं. त्याने वाकडी राहिलेली बोटं पाठीमागे लपवली. "मी कामावर होतो, साहेब. हजेरी बघा," म्हणाला. त्याच्या घरी खाणारी तोंडं होती. त्याला काय बोलणार?

चूक कामगाराची, असा शेरा पडला. भरपाई गेली.

"नोंद झाली ती झाली," मॅनेजर म्हणाला, "आता वहीत कामाचे बुडालेले दिवस तरी वाढायला नकोत. उद्यापासून त्याला इथे येऊन बसू दे, नाहीतर कायमचा घरी बसू दे."

सकाळी धाकटा आपल्या पायांनीच आला. खुर्चीत बसला.

"ताई, मी इथे काय करू गं?"

"काही नाही रे. नुसता बस."

तिने हजेरीपट पुढे सरकवला. सवयीने त्याने उजवा हात उचलला, बँडेजकडे पाहिलं आणि तो पुन्हा मांडीवर ठेवला. पेन ताईनेच घेतलं. त्याच्या नावापुढे तिने 'हजर' लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.