गावी पाठवलेला गुरुम

प्यो कुटुंबाच्या फ्रिजवर त्या आठवड्यात एक तक्ता लावलेला होता. कुत्र्यांच्या आठ जाती, पाच रकाने आणि प्रत्येक रकान्यात दहापैकी गुण. भुंकणं, केस गळणं, आकार, हुशारी आणि मुलांशी वागणूक. तक्ता मिरानने, म्हणजे घरातल्या आईने केला होता. ती विमा कंपनीत नोकरी करते आणि तक्ता केल्याशिवाय घरात काही आणत नाही. भाताचा कुकर, धाकट्याची बालवाडी, दिवाणखान्यातला सोफा, सगळं तिने असेच गुण देऊन निवडलं आणि कशातही फसली नाही. फसली ती एकदाच, एका कुत्र्याच्या बाबतीत. त्या कुत्र्याचं नाव आता त्या घरात एकच जण घेत असे.

"आज गुरुम तळ्यात उतरला होता," थोरली मुलगी दासोम म्हणाली. सकाळची न्याहारी चालली होती.

"थंडी नाही वाजली त्याला?" तिच्या बाबांनी, इन्होने, भाताच्या वाटीतून मान वर न काढता विचारलं.

"नाही. धुकं होतं ना, ते उबदार होतं. तो पळाला की धुकं बाजूला व्हायचं आणि झाडांवरची फळं दिव्यांसारखी दिसायची. एक फळ त्याने तोंडात धरलं, पण चावलं नाही. माझ्यासाठी ठेवलं त्याने."

"मलापण," चार वर्षांचा ओन म्हणाला.

"तुलापण," दासोमने उदार मनाने कबूल केलं.

मिरान उठून उगाचच नळाखाली भांडी धरू लागली.

गुरुम म्हणजे कोरियन भाषेत ढग. काळापांढरा बॉर्डर कॉली. सगळ्यात हुशार जात कोणती, असं मिरानने शोधलं, हुशारीला दहापैकी दहा मिळाले आणि चौदाव्या मजल्यावर ढग आला. हुशार तो होताच. आठवड्यात त्याला दाराचं कुलूप उघडायचा आवाज कळू लागला, महिन्यात घरातल्या प्रत्येकाची वेळ कळू लागली. पण आठवडाभर सकाळी आठ ते संध्याकाळी सात घर रिकामं. मग माणसं आली की तो वेड्यासारखा गोल गोल पळे, ओनला कोपऱ्यात रेटी आणि ओन निसटला की त्याच्या टाचेला हलकेच दात लावी. रक्त कधी आलं नाही. पण ओन किंचाळायचा, गुरुम भुंकायचा आणि खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन बेल वाजवायच्या. सात महिन्यांनी एके दिवशी दासोम शाळेतून आली तेव्हा गुरुमची वाटी धुऊन पालथी घातलेली होती.

"गुरुमला गावी पाठवलं," आई म्हणाली. "सांगजूमामांच्या बागेत. तिथे पळायला जागा आहे."

आमच्याकडे हे वाक्य फार घरांत बोललं जातं. मुलं मान डोलावतात, मोठी होतात आणि मग आपल्या मुलांना तेच सांगतात. तुम्हीआम्ही सगळेच त्यात आलो. प्रत्यक्षात गुरुम मामांच्या सांगजू गावी गेलाच नव्हता. इन्होने इंटरनेटवर जाहिरात दिली होती, एक माणूस गाडी घेऊन आला, 'माझ्याकडे अंगण आहे' म्हणाला आणि गुरुमला घेऊन गेला. पंधरा दिवसांनी त्याचा फोन लागेनासा झाला.

आणि दासोमने त्या न पाहिलेल्या बागेत वर्षभर आपला कुत्रा पळवला. रोज सकाळी एक नवं स्वप्न. हिवाळ्यात तो बर्फात बुडायचा, उन्हाळ्यात पाण्याच्या पाटात झोपायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, आपणही तिथेच राहावं.

आता दासोमला नववं वर्ष लागणार होतं आणि वाढदिवसाला नवा कुत्रा आणायचं ठरलं होतं. या खेपेला 'मुलांशी वागणूक' हा रकाना नव्याने घातला होता. तक्त्यावर एक पांढराशुभ्र, कापसाच्या गोळ्यासारखा बिशॉन पहिला आला होता.

"चालेल," तक्ता वाचून दासोम म्हणाली. "पण आधी गुरुमला विचारूया."

"काय विचारायचं?"

"त्याला आवडेल का ते. त्याच्या घरात दुसरा कुत्रा येणार ना. वाढदिवसाला आपण बागेत जाऊ. मला बाकी काही नको."

इन्होने मिरानकडे पाहिलं. मिरानने तक्त्याकडे पाहिलं. तक्त्यात यासाठी रकाना नव्हता.

त्याच दुपारी कचेरीच्या जिन्यात उभं राहून तिने मामांना फोन लावला. सांगजूमामा म्हणजे तिच्या आईचे भाऊ, सत्तरीचे, पर्सिमॉन नावाच्या गोड फळांची बाग सांभाळणारे. आजवर त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने सगळं सांगितलं आणि शेवटी हळूच म्हणाली, "मामा, तेवढं सांगाल ना? की होता, पण डोंगरात पळून गेला म्हणून?"

पलीकडे फळं सोलायच्या यंत्राचा आवाज बंद झाला.

"वर्षभर माझ्या बागेत कुत्रा पाळलास आणि मला पत्ता नाही," मामा म्हणाले. "या. फळं सोलायचे दिवस आहेत, हात लागतीलच. पण खोटं तू बोललीस ना, मग त्याचं तूच बघ."

शनिवारी ते पोचले तेव्हा बागेवर खरोखरच धुकं होतं. झाडांची पानं गळून गेली होती आणि उघड्या फांद्यांवर नारिंगी फळं तेवढी राहिली होती. गोठ्यासारख्या लांब छपराखाली सोललेली फळं दोऱ्यांना टांगून सुकत होती, रांगांमागून रांगा. दासोम गाडीतून उतरली आणि थेट झाडांमध्ये शिरली. तिला वाट ठाऊक असावी तशी ती चालत होती.

"गुरुम," तिची हाक आली. मग थोडी दुरून पुन्हा, "गुरुम."

तेवढ्यात छपराखालून एक पिवळसर कुत्री उठून आली. एक कान उभा, एक दुमडलेला. ती ओनपासून दोन हातांवर थांबली, त्याच्याकडे पाहिलं आणि खाली बसली. ओनही खाली बसला.

"ही बोरी," मामा म्हणाले.

माणूस घाबरला की सवयीचं काम करतो. मिरानने पर्समधून तक्ता काढला. "मामा, ही कुठल्या जातीची?"

"सिगोरु जाब्जोंग," मामांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं. "जनावरांच्या डॉक्टरांनी लशीच्या कार्डावर लिहिलंय."

"फ्रेंच आहे का?"

"नाव तसं वाटतं खरं. पण जात फार जुनी."

"भुंकते?"

"रानडुक्कर आलं तर."

"केस?"

"अंगावर आहेत."

"आणि मुलांशी?"

मामांनी नुसतं बोट दाखवलं. ओन फळाची साल बोरीपुढे धरून बसला होता आणि बोरी ती अगदी सावकाश, ओठांच्या टोकाने उचलत होती. मिरानने गुण भरले. पन्नासपैकी सेहेचाळीस. बिशॉन मागे पडला.

"अहो दासोमचे बाबा, हे बघा," ती उत्साहाने म्हणाली. "हे नाव मी कधी ऐकलंच नव्हतं."

इन्होने कागद घेतला. एकदा भरभर वाचला, मग अक्षरं तोडून वाचला आणि खो खो हसत सुटला. "अगं, सिगोल जाप्जोंग! सिगोल म्हणजे खेडं, जाप्जोंग म्हणजे भेसळ. नुसतं परदेशी हेल काढून म्हटलंय. गावठी कुत्री आहे ती, गावठी!"

हा विनोद देशभर जुना झालाय. पण मिरान तक्त्यातून मान वर काढील तेव्हा ना. ती कानापर्यंत लाल झाली आणि मग तिलाही हसू आवरेना. मामा हसले नाहीत.

"सेहेचाळीस गुण खोडू नकोस," ते म्हणाले. "बरोबर दिलेस तू. नाव ऐकून नाही दिलेस, बघून दिलेस."

त्याच वेळी दासोम परत आली. बूट दवाने भिजले होते. तिने एकूणएक रांग पाहिली होती.

"आजोबा, गुरुम कुठे आहे?"

मामा सुरी पुसत राहिले. मिरानला दिसत होतं, एक वाक्य अजून पुरेसं आहे. डोंगरात पळून गेला. मुलगी रडेल, मग गप्प होईल आणि स्वप्नात तो डोंगरात पळेल. फार सोपं होतं ते.

ती लेकीसमोर गुडघ्यांवर बसली.

"गुरुम इथे कधीच आला नाही, दासोम. आम्ही त्याला एका अनोळखी माणसाला दिला. तो माणूस आता कुठे आहे ते आम्हाला माहीत नाही. मी खोटं बोलले."

दासोम रडली नाही.

"मी रोज स्वप्न सांगायचे," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही ऐकत कसे होतात?"

इन्हो तोंड फिरवून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलू लागले. मिरानला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

शेवटी मामांनी सगळ्यांना शेकोटीपाशी बसवलं, निखाऱ्यातली रताळी काढून हातात दिली आणि सावकाश बोलू लागले.

"दासोम, तुझा गुरुम वाईट नव्हता. त्याच्या रक्तातच कळप राखणं आहे. दिवसभर डोंगरावर मेंढ्यांमागे पळणारा जीव तो. चौदाव्या मजल्यावर त्याला कळप मिळाला तो एकच, हा ओन. त्याने इमानाने तोच राखला. टाचेला दात लावून मेंढरू जागेवर आणतात तसं."

"मी मेंढी?" ओनने विचारलं.

"तू कोकरू. पण तो बिशॉन आणला असता ना, तर पोरं सुखरूप नि कुत्र्याचे हाल असं झालं असतं. चार वर्षांचं पोर लाडात येऊन उचलतं आणि हातातून सोडतं. तळहाताएवढ्या जिवाचा पाय मोडायला तेवढं पुरतं. वर अकरा तास एकटं राहायचं, मग रडून घर डोक्यावर घेतलं की पुन्हा गावी पाठवा. मिरान, आठ जातींना गुण दिलेस. तुझ्या घराला किती दिलेस?"

मिरानने तक्ता उलटा केला. मागची बाजू कोरी होती. मामांनी रकाने सांगितले आणि गुण देण्यासाठी पेन्सिल दासोमच्या हातात दिली.

घरी कोण असतं? दोन. फिरायला कोण नेणार? बाबांनी हात वर केला. दासोमने त्यांच्या पोटाकडे पाहून तीन दिले. ओन कुत्र्याला कसं धरतो? "मानेला," ओन प्रामाणिकपणे म्हणाला. एक. कुत्र्याचा कंटाळा आल्यावर आपण काय करतो? इथे दासोम थांबली आणि तिने शून्य लिहिलं. मग खाली स्वतःच एक रकाना वाढवला, 'खरं बोलणं', आणि तिथेही शून्य लिहिलं. पन्नासपैकी सहा.

"म्हणजे कुत्रा नाही?" तिने विचारलं.

"आज नाही," मामा म्हणाले. "नापास झालेलं पोर पुन्हा परीक्षेला बसतंच की."

आणि सगळं घर परीक्षेला बसलं. इन्होने गुरुमचा फोटो लावून जिथे जिथे जमेल तिथे शोध घेतला, त्या माणसाच्या जुन्या पत्त्यावर दोनदा जाऊन आला. गुरुम सापडला नाही. दासोमला दर वेळी तसंच सांगितलं गेलं, काही न लपवता. मिरानने आठवड्यातले दोन दिवस घरून काम मागून घेतलं. इन्हो रोज सकाळी कुत्र्याशिवायच अर्धा तास चालू लागला आणि शेजारी त्याला हसू लागले. ओन दर पंधरवड्याला बागेत बोरीजवळ बसे, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. ती आपणहून येईपर्यंत हात काढायचे नाहीत, असा मामांचा नियम होता. पहिल्यांदा त्याने तीनपर्यंत आकडे मोजले आणि हात काढले. थंडी संपेपर्यंत तो शंभरपर्यंत मोजायला शिकला.

वसंतात बोरीच्या डॉक्टरांचा फोन आला. गावातल्या एका म्हाताऱ्या बाई वृद्धाश्रमात गेल्या होत्या आणि त्यांची सहा वर्षांची करडी कुत्री मागे राहिली होती. शांत, मध्यम अंगाची, दुपारी झोपा काढणारी, नातवंडांत वाढलेली. तक्त्यात तिची जात नव्हतीच. ती आली, हात दाबून बसलेल्या ओनचा वास घेतला आणि त्याच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवून डोळे मिटले. ओनने श्वाससुद्धा घेतला नाही.

नोंदणीच्या कागदावर 'जात' असा रकाना होता. मिरानने वळणदार अक्षरात लिहिलं, सिगोरु जाब्जोंग.

"आई," दासोमने विचारलं, "हिला गावी पाठवायचं नाही ना?"

"नाही. गावी जायचं. सगळ्यांनी मिळून, आणि सगळ्यांनी मिळून परत यायचं."

मित्रहो, मुलांसाठी कुत्रा निवडताना आपण त्याची जात बघतो, रंग बघतो, शेजारच्याकडे कुठला आहे ते बघतो. त्याचं रक्त त्याला काय करायला सांगतं आणि आपल्या घरात त्याला ते करता येईल का, हे बघायला विसरतो. मग चूक आपली आणि शिक्षा त्या मुक्या जिवाला. आणि वर मुलांना सांगायला ते एक वाक्य तयार असतंच. आधी आपल्या घराला गुण द्या. घर पास झालं, तर साजेसा कुत्रा मिळतो. नाही झालं, तर थांबा. थांबण्यात कमीपणा नाही.

प्यो कुटुंबाच्या फ्रिजवर तक्ता अजून आहे, मागची बाजू पुढे करून लावलेला. गुरुम दासोमच्या स्वप्नात अजूनही धुक्यातून पळतो, पण आता ते स्वप्न आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे. 'खरं बोलणं' या रकान्यातलं शून्य खोडून तिने परवा सात लिहिलं. दहा व्हायला वेळ लागेल, असं ती म्हणते.