सदर वेळेत कोणीही नसते

फोन खांद्यात धरून तिने वीजबचतीच्या फॉर्मच्या अकराव्या रकान्यावर पेनाचं टोक टेकवलं.

"एकच विचारायचंय हो, स्टोअरकीपर. धुलाईच्या टाकीवरचा पंखा. त्याच्याखाली कोण काम करतं, असं लिहायचंय इथे."

"दिवसभर कुणी ना कुणी असतं की." पलीकडे स्टोअरकीपर घास चावत होता. "आणि तुम्ही जेवत नाही का कधी? की त्यातही बचत?"

"जेवते. सुट्टीत तिथे कुणी नसतं, एवढं सांगा. रकाना भरला की सुटले."

"सुट्टीत कोण असणार! लाइनच बंद. गाळ काढायचा असला तरच."

"कसला गाळ?"

"टाकीच्या तळाचा. लाइन चालू असताना माणूस टाकीत उतरणार कसा? दर दुसऱ्या गुरुवारी, सुट्टीत. हातमोजे माझ्याकडूनच नेतात, म्हणून ठाऊक. आज सकाळीच दोन जोड नेले."

पेन रकान्यावरच राहिलं. शाई पसरून तिचा वाटाण्याएवढा डाग झाला.

समोर घड्याळात बारा एकेचाळीस. पंखा साडेबाराला बंद झाला होता. तो आपोआप बंद होतो. तो आपोआप बंद व्हावा म्हणून नऊ आठवड्यांपूर्वी तिनेच टायमर बसवून घेतला होता.

इथे थोडं मागचं सांगितल्याशिवाय इलाज नाही. पण ती धावायला लागली आहे, तेव्हा धावता धावताच.

कारखाना बिजागऱ्यांचा आणि दाराच्या मुठींचा. विजेचा वापर कमी करणं हे तिचं काम. कुठली मोटर रिकामी फिरते, कुठून दाबाची हवा गळते, कुठला दिवा कुणासाठीही जळत नाही, हे शोधायचं आणि थांबवायचं. धुलाई विभागाचा मोठा पंखा जेवणाच्या सुट्टीतही फिरत असतो, हे तिच्याच नजरेला आलं. सोमवार ते शुक्रवार, सलग पाच दिवस ती सुट्टीत तिथे जाऊन उभी राहिली. लाइन बंद. टाकीवर झाकण. चिटपाखरू नाही, सगळे जेवणाच्या खोलीत. त्या पाच दिवसांत एक गुरुवारही होता, पण तो मधला, गाळ न काढण्याचा. मग तिने अहवालात एक वाक्य लिहिलं आणि त्यावर तिला शाबासकी मिळाली. मीटरही तेच सांगत राहिला. सुट्टीच्या पाऊण तासात धुलाई विभागाची वीज एका पंख्याइतकी खाली आली, ती नऊ आठवडे खालीच होती.

ते वाक्य असं होतं: सदर वेळेत विभागात कोणीही उपस्थित नसते.

जिना. दोन दोन पायऱ्या.

सदर वेळेत.

खालच्या मजल्यावर इलेक्ट्रिशियनच्या खोलीला कुलूप. टायमरच्या पेटीची किल्ली त्याच्याच खिशात, आणि तो खिसा जेवायला कुठे गेला होता, देव जाणे. टेबलावरच्या फोनवरून तिने धुलाईचा नंबर फिरवला. घंटी वाजली. वाजत राहिली. सुट्टीत तो फोन कुणी उचलत नाही, कारण सुट्टीत तिथे

विभागात

कुणी नसतं. तिने फोन टाकला. तो नीट ठेवला गेला नाही. वायरला लोंबत राहिला.

त्या टाकीत तेलकट भाग धुवायचं रसायन असतं. टाकी रिकामी केली तरी त्याची वाफ तळाशी बसून राहते. जड असते, वर चढत नाही, डोळ्यांना दिसत नाही. पहिल्यांदा वास येतो. मग नाक त्याला सरावतं आणि माणसाला वाटतं, गेला वास. हे तिला कुणी सांगितलं होतं? मामाने. गाळ काढायला जे उतरतात त्यांत तो असतो का, हे स्टोअरकीपरला विचारायचं राहूनच गेलं होतं. विचारायची गरज काय? धुलाईत सव्वीस वर्षं काढलेला माणूस त्या टाकीत उतरणार नाही, तर कोण उतरणार?

आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिला घरी नेलं ते याच मामाने, शिकवलं ते यानेच, आणि ती इथे नोकरीला लागली तेव्हा स्वतःलाच बढती मिळाल्यासारखा कारखानाभर पेढ्याविना तोंड गोड करत फिरला तोही हाच. कारखान्यात तिला मीटरबाई म्हणतात. ते नावही त्याचंच. संध्याकाळी ती घरात शिरली की मामीला म्हणायचा, "हळू गं, मीटरबाई आलीय. श्वास जपून घे, तोही मोजेल."

मागच्या गुरुवारच्या आधीच्या गुरुवारी तो जेवता जेवता भिंतीला टेकून झोपला होता. डोकं जड झालंय, म्हणाला होता. वय झालं, म्हणाली होती ती.

चारदा. नऊ आठवड्यांत ते चारदा उतरले असतील. चारदा काही झालं नाही, हा विचार मनात आला आणि ती आणखी जोरात धावली. चारदा वाचलेला माणूस पाचव्यांदा बेफिकीर उतरतो.

अंगण. ऊन डोक्यावर. ट्रकच्या सावलीत दोन ड्रायव्हर पत्ते खेळत होते. त्यांनी धावणाऱ्या बाईकडे पाहिलं आणि एकाने पानं उलटी करून ठेवली. तिला त्यांना हाक मारायची होती. तोवर ती पुढे गेली होती.

कोणीही.

कॉम्प्रेसरची खोली. इथला माणूस मागच्या महिन्यात तीन दिवस घरी बसला, बिनपगारी. सुट्टीत कॉम्प्रेसर चालू ठेवला म्हणून. नियम होता, तिने तो मीटिंगमध्ये वाचून दाखवला, आवाज न चढवता. "मला कारणं नकोत, आकडे हवेत," असं म्हणाली होती. त्या संध्याकाळी मामा काही विनोद बोलला नाही. ताटात भाजी वाढताना "घे," एवढंच म्हणाला. तिला वाटलं, दमला असेल.

धुलाई विभागाचं दार तिने दोन्ही हातांनी ढकललं.

दारालगतच जेवणाची खोली. आत अंधार. तिला वाटलं, कुणी नाही. मग डोळे सरावले आणि माणसं दिसली. सात-आठ जण, बाकांवर, डबे उघडून. खिडक्या उंच आणि झापडं लावलेल्या. छतावरचे चारही पंखे स्तब्ध. चहाच्या किटलीचा प्लग काढून वायर तिच्याभोवती गुंडाळून ठेवलेली. माणसांचे सदरे पाठीला चिकटले होते. कुणीतरी डब्याच्या झाकणाने वारा घेत होतं. ते झाकण थांबलं.

सगळे उभे राहिले. एकदम, शाळेत उभे राहतात तसे.

"पंखे... दिवे का..." तिला धाप पुरी बोलू देईना.

"असंच, मॅडम. वारा सोसत नाही आम्हाला," एक जण म्हणाला. घाम त्याच्या हनुवटीवरून डब्यात पडत होता.

"टाकीवर कोण आहे?"

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग भाग वेचणारी मावशी, साऱ्या विभागात सगळ्यांत जुनी, हात पदराला पुसत पुढे आली आणि थेट तिच्या वाटेत उभी राहिली.

"तिकडं कशाला जाता मॅडम? बसा इथं. पाणी घ्या आधी. केवढ्या लाल झाल्या आहात!"

"मावशी, बाजूला व्हा."

"जाल हो. तिकडं काय पळून चाललंय? एवढा घोटभर..."

मावशीचा आवाज थरथरत होता. तिच्या मागे दोघं हळूच सरकून दरवाजात आले. अडवत नव्हते, नुसते उभे होते.

झालं होतं तर. झालं होतं, यांना ठाऊक होतं, आणि हे तिला पाहू देणार नव्हते. तिने मावशीला ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा तिने मोठ्या बाईला हाताने ढकललं, आणि दरवाजातल्या दोघांच्या मधून घुसली.

बंद पडलेली लाइन. रिकाम्या जाळ्या. ओली फरशी. कोपऱ्यावर पाय घसरला, गुडघा आपटला, उठली.

मग आवाज ऐकू आला.

तिला आधी वाटलं, आपलंच रक्त कानात वाजतंय. पण तो पंख्याचा होता. जड, खोल, एका सुरात चाललेला. तिने पाच दिवस उभं राहून ऐकलेला आवाज ती चुकणार कशी? टायमरला वगळून काढलेली नवी वायर भिंतीवरून खाली आली होती, नेटकी, खिळ्यांनी ठोकलेली, आणि टाकीशेजारच्या एका साध्या बटणापाशी संपत होती.

टाकीच्या काठाशी मामा उभा होता. त्याच्या हातात दोर होता आणि दोर टाकीत उतरत होता. आत कुणीतरी फावड्याने तळ खरवडत होतं, खर्र, खर्र, आणि बेसूर गुणगुणत होतं. धुलाईतला, सगळे पहिलवान म्हणतात तो. जिवंत, आणि मजेत.

भिंतीला हात टेकून ती म्हणाली,

"मामा."

मामाने वळून पाहिलं.

तिने त्याचा चेहरा रागावलेला पाहिला होता, आजारी पाहिला होता, बहिणीला पोचवून परतलेला पाहिला होता. हा चेहरा तिने पाहिला नव्हता. त्याचं तोंड उघडलं. दोर नसलेला हात मागे गेला, भिंतीवर चाचपडला, बटण सापडलं.

खट्.

पंख्याचा सूर खाली खाली येत गेला आणि थांबला.

"आत्ताच लावला होता, मॅडम," मामा म्हणाला. "आजच. रोज नाही लावत."

आजूबाजूला कुणी नव्हतं. तरीही मॅडम. आणि त्यात थट्टेचा लवलेशही नव्हता.

खरवडणं थांबलं. टाकीतून पोकळ आवाज आला, "दादा? पंखा गेला का?"

मामा भराभर तिलाच सांगत होता, "युनिट वाढत नाहीत, मॅडम. खोलीतले चार पंखे, दिवे, किटली, सगळं बंद करूनच हा लावतो. पुरतं तेवढ्यात. हिशेब केलाय आम्ही. तुम्ही मीटर बघा हवं तर. इलेक्ट्रिशियनचा काही दोष नाही, त्याला घरी बसवू नका, मीच म्हटलं त्याला..."

"दादा, वास येतोय रे!"

ती भिंतीपासून सुटली, मामाच्या काखेखालून हात घातला आणि बटण दाबलं. पंखा कण्हला, फिरायला लागला, पुन्हा त्याने तो जड सूर धरला. टाकीत पहिलवान खोकला, कुणाला तरी एक शिवी दिली, आणि फावडं पुन्हा चालू झालं.

"चालू राहू दे," ती म्हणाली. "मामा, ऐकतोस ना? चालूच राहू दे."

"हो, मॅडम."

तिने बटणावरचा हात काढला नाही. मागे लाइनपाशी मावशी आणि बाकीचे येऊन थांबले होते. कुणी पुढे येत नव्हतं. दोर धरणाऱ्याने आतल्या माणसावरून नजर हलवायची नसते, हे सव्वीस वर्षांत मामाने कित्येकांना शिकवलं असेल. तो दोर दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा होता, आणि पाहत होता तिच्या हाताकडे.