पेकमच्या दुकानातला आल्याचा अर्क

दारूला मी कधी हात लावलेला नाही, आणि हे आमच्या ओहायोतल्या अख्ख्या गावाला ठाऊक आहे. दारूबंदीच्या आधी आम्ही चर्चच्या बायका छातीवर दारूविरोधाची पांढरी फीत लावून गॉटलीबच्या गुत्त्यात जायचो, तिथे जमिनीवर पसरलेल्या लाकडाच्या भुशात गुडघे टेकायचो आणि मोठमोठ्याने प्रार्थना म्हणायचो. सगळ्यांच्या पुढे मी. माझा नवरा ईनॉक वीटभट्टीवर कामाला. मला बघितलं की ग्लास टाकून मागच्या दाराने पळायचा.

गॉटलीब आडदांड जर्मन. एकदा वैतागून म्हणाला, "बाई, तुझ्या नवऱ्याला मी तीन ग्लास देतो. चौथा मागितला की हातात टोपी देऊन घरी पाठवतो. माझं दुकान बंद पाडलंस तर त्याला मोजून कोण देणार?"

"देव बघून घेईल!" मी म्हणाले. काय माझा तो तोरा!

सन एकोणीसशे वीसला देशभर बंदी आली. चर्चची घंटा तासभर वाजत होती. गॉटलीबच्या दाराला फळ्या ठोकल्या, तेव्हा खिळे मी धरले होते.

पुढची दहा वर्षं ईनॉक सुतासारखा सरळ चालला, असं मला वाटत होतं. फक्त त्याचं पोट दुखायचं. शनिवारी तर हमखास. मग मी पेकमच्या औषधाच्या दुकानातून आल्याचा अर्क आणायची. पेकम चर्चमध्ये दानाची थाळी फिरवणारा, पुढच्या बाकावरचा माणूस.

"यात काही भलतंसलतं नाही ना?" मी विचारलं होतं.

"भगिनी हेस्टर, आलं हो! तुमच्या स्वयंपाकघरातलंच."

आम्हा फीतवाल्यांची अक्कल बघा. ग्लासात असली की ती दारू, सैतानाचं मूत. तीच औषधवाल्याने बाटलीत भरून दिली की आम्ही चमच्याने पाजणार! बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, दहातले आठ भाग मद्यार्क. मी चष्मा लावून कधी वाचलं नाही.

सन तीसच्या वसंतात नवा माल आला. सरकारी तपासणीला चकवायला कुण्या हलकटाने त्यात काहीतरी विष मिसळलं होतं. भट्टीवरची चार माणसं आधीच लंगडायला लागली होती. ती चौघंही अर्क पेकमकडूनच न्यायची, आणि कशाने लंगडतात हे पेकमला कळलं होतं. तरीही मेल्याने मला दोन बाटल्या दिल्या. वर म्हणाला, "एकीवर भागत नसेल तुमचं."

दोन आठवड्यांत ईनॉकचे पाय गेले. आता दोन काठ्या घेऊन चालतो. पाऊल आधी चवड्यावर आपटतं, मग टाच पडते.

आणि मी काय केलं? गावाला सांगितलं, "कुठून चोरून प्यायला देव जाणे!" तीन वर्षं गावाने त्याला दारुडा म्हटलं. तो एका शब्दाने बोलला नाही.

सन तेहतीसला बंदी उठली. ज्यांनी घंटा वाजवली त्यांनीच बँड वाजवला. गावाला बिअर विकायचा एकच परवाना मिळणार होता, तो कुणाला हे गावाच्या सभेत ठरणार होतं, आणि त्यासाठी अर्जदाराच्या चारित्र्याचा दाखला हवा होता. अर्ज दोनच आले, गॉटलीबचा आणि पेकमचा. होय, पेकमचा! दाखल्यावर सही घ्यायला तो माझ्याच दारात आला.

"पेकम, लाज आहे का थोडी?"

"आवाज खाली, भगिनी." तो हसत होता. "मी काही ईनॉकच्या तोंडात ओतायला आलो नव्हतो. बाटली कुणी नेली, हे सभेत निघालं तर तुमच्या फितीचं काय होईल?"

मी सही केली नाही. पण त्या आठवड्यात अन्न गोड लागलं नाही. बोलले तर तीस वर्षांची अब्रू जाणार होती. गप्प बसले तर हाच माणूस मानाने दुकान मांडणार होता.

सभेत पेकमचं गुणगान चाललं होतं. मी उठले.

"ईनॉकने काही चोरलं नाही," मी म्हणाले. "ते विष मी आणलं. ह्या पेकमच्या गल्ल्यावरून, ही फीत लावून. चार माणसं लंगडताना बघूनही ह्याने ते मला विकलं, आणि मी तीन वर्षं नवऱ्यावर ढकललं. लिहा माझं चारित्र्य!"

पुढच्या बाकावरची एक जण "अगंबाई!" म्हणाली. पेकम लालबुंद झाला. तेवढ्यात दारातून काठ्यांचा आवाज आला.

"हेस्टर," ईनॉक म्हणाला, "अगं, माझं पोट कधी दुखलंच नव्हतं."

सगळ्या सभेपुढे त्याला बदडावंसं वाटलं मला. तेवढ्यात तो रडतोय हे दिसलं.

परवाना गॉटलीबला मिळाला. पहिल्या शनिवारी मी ईनॉकचा दंड धरून, भर रस्त्याने, त्याच्या चालीने त्याला तिथे घेऊन गेले. फळ्या निघाल्या होत्या, चौकटीवर माझ्या खिळ्यांची भोकं तशीच होती.

"काय बाई," गॉटलीब म्हणाला, "आज गुडघे नाही टेकायचे?"

"जास्त बोलू नकोस. त्याला तीन दे," मी म्हणाले, "आणि मला इथे खुर्ची दे. मोजायला मी बसते."