डाव्या बाजूचा ठिपका

माझ्या यंत्राला सूनबाई जातं म्हणते. नाव काही वाईट नाही. दोन जाड गोल पाळ्या, एकीमागे एक. दोन्हींना लांब फटी, आणि दोन्ही मिळून संथ फिरतात. मागे एक स्फटिक आहे. किरणोत्सारी वस्तूचा किरण आत शिरला की त्यात बारीकशी चमक उठते. गॅमाची पटकन विझते, न्यूट्रॉनची जरा रेंगाळते. पाळ्या फिरताना फटींतून कधी जास्त किरण येतात, कधी कमी. त्या चढउतारावरून ते कुठून येताहेत याचं चित्र संगणक काढतो. नोकरीत असताना मी हे फक्त पुस्तकात वाचलं होतं. निवृत्तीनंतर सात वर्षं मागच्या खोलीत खपून बांधलं. पहिल्यांदा नीट चाललं तेव्हा मला वाटलं, काहीतरी चुकलं असणार.

सूनबाई भंगाराचं लोखंड वितळवणाऱ्या कारखान्यात किरणसुरक्षा अधिकारी आहे. त्या दिवशी तीन ट्रक रिकामे झाल्यावर कळलं, की फाटकावरचा किरण ओळखणारा अलार्म बंद पडलेला. सुरू केला तर तो यार्डातल्याच मालामुळे वाजू लागला. मोजणीत न्यूट्रॉनही होते, म्हणजे बोअर तपासायच्या एखाद्या अवजारातली किरणोत्सारी पदार्थाची बोटाएवढी कुपी आत आलेली. ती भट्टीत गेली असती तर सगळा कारखाना बाधला असता. माणसं बाहेर काढली. कुपी उचलायचं काम सूनबाईचं. ढिगांतून शोधत हिंडायचं, तर तेवढा वेळ किरण अंगावर घ्यायचे. म्हणून तिचा फोन आला, "बाबा, जातं घेऊन या."

यार्डात दोन ढीग होते. उजवीकडे पाइपांचा, डावीकडे गिअरच्या पेट्यांचा. यंत्र मी दोन्हींच्या मधोमध रोखलं. वीस मिनिटांनी पडद्यावर एक ठिपका उमटला, थेट पाइपांवर.

"मी काय म्हणत होतो?" आमच्यासोबत थांबलेला यार्डाचा मुकादम म्हणाला. "बोअरचा माल पाइपांतच असणार. काका, तुमचं यंत्र माझ्याएवढंच हुशार आहे."

सूनबाई हातमोजे चढवत होती. "मी डाव्या ढिगामागे जाते. तिथं पाठ टेकून लांब चिमटा जोडते, मग पाइपांकडे. तेवढाच लोखंडाचा आडोसा."

"पण तुमचा मीटर तर इथंच कुरकुरतोय," तिच्या कमरेच्या किरणमापकाकडे बोट दाखवत मुकादम म्हणाला.

"तो सगळीकडेच कुरकुरणार."

मी पडद्याकडे पाहत होतो. चित्र फारच स्वच्छ होतं. आणि ते का स्वच्छ होतं हे मला आठवलं.

असल्या यंत्रात एक खोट असते. खऱ्या ठिपक्याबरोबर, चित्राच्या मध्यबिंदूच्या बरोबर विरुद्ध बाजूला, तस्साच एक खोटा ठिपका पडतो. कोणता खरा, हे एका चित्रावरून यंत्राला कळत नाही. माझ्या खोलीत चाचणीची कुपी नेहमी उजव्या फळीवर असे. दोन वर्षांपूर्वी जुने सहकारी बघायला आले, तेव्हा दोन ठिपके दिसले तर हसतील म्हणून, डावीकडचा दाखवूच नये अशी एक ओळ मी प्रोग्रॅममध्ये घातली. ती काढायची राहिली.

सांगायचं म्हणजे मुकादमासमोर सांगायचं. आणि कदाचित कुपी पाइपांतच असेल, मग उगाच. सूनबाईनं न्यूट्रॉन अडवायला मेण भरलेला जाड डबा गाड्यावर ठेवला आणि निघाली.

"थांब," मी म्हणालो. कुणाला ऐकूच गेलं नाही. मी जाऊन गाड्याचा दांडा धरला.

"बाबा?"

"चित्र अर्धंच आहे. अर्धं मी लपवलंय."

मी सगळं सांगितलं, तिच्या बुटांकडे बघत.

"मग आता कसं कळणार?" तिनं विचारलं.

"यंत्र थोडं उजवीकडे वळवू. खरा ठिपका आपल्या जागी राहील. खोटा सरकेल."

मी ती ओळ पुसली. मुकादमानं न सांगता यंत्राचा पाय धरून वळवायला मदत केली. परत वीस मिनिटं. पाळ्या फिरत होत्या आणि मी मनात प्रत्येक समीकरण पुन्हा मांडत होतो, प्रत्येक वेळी वेगळीच चूक सापडेल या भीतीनं.

दोन ठिपके आले. उजवा पाइप सोडून पार कुंपणापलीकडच्या मोकळ्या जमिनीवर गेला होता. डावा गिअरच्या पेट्यांवर जिथल्या तिथे.

जिथं ती पाठ टेकणार होती, तिथंच.

सूनबाईनं चिमटा आमच्याजवळच जोडला आणि सरळ डाव्या ढिगाकडे गेली. ठिपक्याच्या जागी उघडलेल्या दुसऱ्या पेटीतच कुपी सापडली. चार मिनिटांत डब्याचं झाकण लागलं. परत येऊन तिनं छातीवरचा मापक वाचला आणि मला दाखवला. आकडा अगदी किरकोळ होता.

"घरी भाजीत मीठ जास्त झालंय हे सांगायला तुम्हाला दोन दिवस लागतात," ती हातमोजे काढत म्हणाली. "आज मी गाडा ढकलायच्या आत बोललात."

"ढकलल्यावर," मी म्हणालो. "दोन पावलं गेली होतीस."

"बरं, दोन पावलं. पण ती ओळ परत घालायची नाही."

"नाही."

मुकादम पडद्यावर वाकला होता. "काका, हे असंच दोन ठिपक्यांचं ठेवा. आणि पुढच्या सोमवारी येता का? फाटकावरच्या पोरांना शिकवा, कुठला खरा ते कसं बघायचं."

मला शिकवता येत नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. सूनबाई बघत होती.

"किती वाजता?" मी विचारलं.