शेवटच्या वाटीपर्यंत

मित्रांनो, डाव म्हटले की तुम्हाला खेळ आठवतो. मांडला, मोडला, रडीचा डाव खडी! मी तो नव्हे. मी वाढायचा डाव आहे. पितळेचा, हातभर दांडीचा आणि आता पार जुना झालेला.

एका तांबटाने मला घडवले. दोन दिवस ठोकठोक करून त्याने माझा खोलगट पेला केला, आतून कल्हई लावली, मग माझ्यात पाणी भरून ते एका वाटीत ओतले. वाटी काठोकाठ भरली, थेंबही सांडला नाही. "जमलं!" तो स्वतःशीच म्हणाला. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

तेथून मी शहराच्या कडेला असलेल्या एका मोफत जेवणघरात आलो. ज्यांच्या घरी चूल पेटत नसे, ते दुपारी वाटी घेऊन तेथे येत. आत दोन मोठ्या चुली होत्या, धुराने काळे झालेले छत होते आणि रस्त्याकडे उघडणारी एक रुंद खिडकी होती. त्या खिडकीत आक्का उभी राहायची. ती तेथली वाढपीण. अंगाने ठेंगणी, पण आवाज असा खणखणीत की रांगेच्या टोकाला उभा असलेला माणूसही सरळ व्हायचा.

"आक्का, जरा घट्ट वाढा की," कोणी म्हणे.

"घट्ट हवी तर लवकर यावं. गप्पा हाणत येणाऱ्याला पातळच मिळणार!" असे म्हणून ती मला तळापर्यंत बुडवायची आणि त्याच्या वाटीत घट्ट पेज ओतायची.

तेव्हा रांगेत शंभर-सव्वाशे माणसे असत. जेवणघरामागे भाजीचे मळे होते. सकाळी खुडलेली भाजी दुपारी पातेल्यात पडे. सगळ्यांचे वाढून झाले तरी पातेल्यात चार डाव उरत. मग आक्का जेवायला बसायची.

पुढे शहरात दवाखाना झाला. पूर्वी जी बाळे तापाने जात, ती आता जगू लागली. आक्काची स्वतःची दोन लेकरे पाळण्यातच गेली होती. त्यामुळे रांगेत कडेवर मूल घेतलेली आई दिसली की तिचा चेहरा उजळायचा. "ये गं, आधी तू ये," म्हणत ती त्या आईला दोन डाव वाढायची. एक आईचा, एक दुधाचा. मला त्या वेळी फार अभिमान वाटे.

कामाच्या शोधात बाहेरूनही माणसे आली. रांग दोनशेची झाली, चारशेची झाली, कोपऱ्यावरून वळली. एवढी माणसे राहणार कुठे? मळ्यांवर घरे उठली. मागच्या खिडकीतून पूर्वी वेल दिसत, तेथे आता वाळत घातलेले कपडे दिसू लागले. धान्य आणि भाजी दूरच्या गावांहून ट्रकने येऊ लागली. येत होती तोवर कोणाला काही वाटले नाही.

मग लागोपाठ दोन वर्षे त्या दूरच्या गावांत पाऊस पडला नाही. आठवड्याला चार ट्रक येत, त्यांचे दोन झाले, मग एक झाला.

एके सकाळी जेवणघराचे व्यवस्थापक तांबटाला घेऊन आले. तोच तो माझा तांबट, आता पिकल्या केसांचा. व्यवस्थापक भले गृहस्थ होते, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

"आक्का, माणसं चौपट झाली आणि धान्य चौथ्या हिश्शावर आलं. हा डाव कापून लहान करायला हवा."

"माणसं जास्त झाली म्हणता? जन्माला आलेलं माणूस जास्त कसं होईल हो?"

"तसं नाही म्हणत मी. पण सगळ्यांना पुरवायचं कसं, तुम्हीच सांगा."

 आक्काने मला तांबटाच्या हातात दिले. त्याने माझा काठ दोन बोटे कापला आणि कड कानशीने घासली. घडवताना त्याने हजार घाव घातले होते, तेव्हा मला दुखले नव्हते. त्या दिवशी दुखले. कापलेली पितळेची पट्टी तो तेथेच टाकून गेला.

आता माझ्याने वाटी अर्धीच भरू लागली. तरीही आक्काने एक गोष्ट सोडली नाही. कडेवर मूल असलेल्या आईला ती दोन डाव वाढतच राहिली. व्यवस्थापकांनी पाहिले की ती हात झटकून म्हणायची, "चुकून पडला जास्त."

त्या रांगेत एक गवंडी यायचा. बांधकामे बंद पडली होती. घरी त्याची अंथरुणाला खिळलेली म्हातारी आई होती. तिचे अंग पुसून, तिला कुशीवर वळवून तो निघायचा, म्हणून रोज शेवटी पोहोचायचा. त्याच्याकडे टवके उडालेल्या दोन वाट्या असत. एक त्याची, एक आईची.

एका सोमवारी तो खिडकीशी आला तेव्हा पातेले रिकामे होते. आक्काने मला तळाशी खरवडले, पण काहीच निघाले नाही.

"उद्या जरा लवकर ये रे बाबा," ती म्हणाली.

"बघतो आक्का."

मंगळवारी तसेच झाले. बुधवारीही तसेच झाले. खिडकीत उभ्या आक्काला रांगेचे तोंड दिसे, कोपऱ्यापलीकडचे शेपूट दिसत नसे.

गुरुवारी पातेल्यात थोडी पेज उरली होती. गवंडी आला. त्याच्या हातात दोन वाट्या होत्या. त्याने एक पुढे केली. दुसरी खिडकीच्या फळीवर पालथी घातली.

"सवयीनं आणली," तो म्हणाला. "आई काल संध्याकाळी गेली."

आक्काच्या मुठीत मी कलंडलो. पेज फळीवर सांडली. ती म्हणाली, "मी पुढं दोन-दोन डाव वाढत राहिले रे. ते तुझ्या आईचे होते."

"तुम्हाला काय बोल लावू आक्का? कोणाला तरी शेवटी उभं राहावंच लागतं." त्याने सांडलेली पेज बोटाने वाटीत ओढून घेतली आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी आक्काने पातेले उचलून रांगेच्या शेपटाशी नेऊन ठेवायला लावले आणि तेथून वाढायला सुरुवात केली. पुढची माणसे चिडली, काहींनी शिव्याही दिल्या. ती वाढत राहिली. प्रत्येकाला एकच डाव, ना कमी ना जास्त. एक तरुण आई पदराखाली बाळ घेऊन उभी होती. "आक्का, माझं दूध आटलंय," ती हळूच म्हणाली. आक्काने मान खाली घातली. "एकच गं माझे बाई. एकच." मी त्या वाटीत पुरता रिता झालो, तरी ती अर्धीच भरली आणि आक्काच्या डोळ्यांतले पाणी माझ्या दांडीवरून ओघळले. मग तिने स्वतःसाठी बाजूला ठेवलेली वाटी त्या आईला दिली.

अकरा आठवडे ती अशीच आपली वाटी देत राहिली. पातेल्याला चिकटलेली खरवड खाऊन राहिली. अखेर तिकडे पाऊस होऊन पीक आले आणि ट्रक पुन्हा पहिल्यासारखे आले. पातेली भरली, शेवटच्या माणसाला पोटभर मिळाले. सगळ्यांनी आग्रह करून आक्काला ताटावर बसवले. तिने एक घास तोंडाशी नेला आणि परत ठेवला. "गिळवत नाही," एवढेच बोलली. त्या हिवाळ्यातच ती गेली.

मित्रांनो, जेवणघराच्या जागी आता मोठे भोजनगृह आहे. मीही तेथेच आहे, मोरीजवळ. ताटांत उरलेले अन्न माझ्याने ओढून पिंपात टाकतात. भात, भाजी, अर्ध्या पोळ्या, न चाखलेली फळे. तुमच्यासारखी मुले हसत हसत ताट सरकवून जातात. ती वाईट नाहीत, त्यांना कोपऱ्यापलीकडचे दिसत नाही इतकेच. म्हणून हात जोडून विनवतो: हवे तेवढेच वाढून घ्या, घेतलेले संपवा आणि पिकती जमीन उरली असेल तेथे ती जपा.

पिंप भरले की त्यावर झाकण लावतात. मला वाचा असती, तर मी रोज ओरडलो असतो, थांबा, रांग अजून संपलेली नाही!