नागडीच्या पाचरी

थंडीचे दिवस होते, तरी इनायतुल्ला गाडीतून उतरला तेव्हा त्याच्या पाठीवर सदरा घामानं चिकटला होता. गाडी चालवून पाहायला तो बार्शीटाकळीच्या रस्त्यानं निघाला होता आणि अर्ध्या वाटेवरूनच परतला होता.

"मुनव्वर, हे गाडी नाही बाप्पा, दारू पाजलेला रेडा हाय," तो म्हणाला. "मी सरळ म्हणतो, ते नालीकडे पाहते. वळवली का वळलेलीच राहते. समोरून बैलगाडी आली ना, मले माही मेलेली अम्मा दिसली."

मुनव्वर हसला नाही. ओट्यावर उभ्या असलेल्या पंचफुलालाही हसू आलं नाही, आणि आलं नाही याचंही तिला काही वाटलं नाही. तिचा नवरा श्रावण वारल्यापासून तिचं असंच होतं. लोक बोलत, ती ऐके. भाकरीचा चटका बसे, तो नंतर फोड दिसल्यावर कळे.

गाडी श्रावणनं केली होती. अकोल्यात मोटारदुरुस्तीच्या एका कारखान्यात तो फिटर होता. कापसाच्या एका जिनिंगच्या शेडमध्ये गंजत पडलेल्या जुन्या फोर्डचा सांगाडा त्यानं मिळवला, लढाईनंतर मोडीत निघालेल्या लष्करी ट्रकचं आठ सिलिंडरचं इंजिन त्यात बसवलं, आणि पुढचा एक्सल आणखी कुठल्या गाडीचा आणला. छप्पर नाही, बॉनेट नाही, चाकांवर मडगार्ड नाही. सगळी यंत्रं उघडी. जठारपेठेच्या पलीकडच्या त्यांच्या वस्तीनं गाडीचं नाव नागडी ठेवलं, आणि श्रावणही तिला नागडीच म्हणू लागला. "कपडे घातले का वजन वाढते," तो म्हणे. "हिले पळायचं हाय."

नागडी पळाली, पण सरळ पळाली नाही. श्रावणनं पुढचा एक्सल पुन्हा पुन्हा सोडला आणि बांधला. मग भादव्यात त्याला कावीळ झाली. अंथरुणावर पडून, पिवळ्या डोळ्यांनी, तो एकच गोष्ट बोले. "पाचरी बरोबर हायेत पंचफुला. तुह्या हातानंच तर ओळंबा धरला. मंग काहून चुकून राहिली?" उत्तर न मिळताच तो गेला.

त्याचा मोठा भाऊ शेषराव सरळ माणूस होता. गाडी अंगणात सडू देण्यात अर्थ नाही, असं त्याचं मत. बार्शीटाकळीच्या पंजाबरावांना पिठाच्या गिरणीसाठी इंजिन हवं होतं. शेषरावनं त्यांना शब्द दिला. रविवारी बैलगाडी येणार, इंजिन काढून नेणार, बाकीचं भंगारवाल्याला.

पंचफुला एवढंच म्हणाली होती, "गाडी तोडू नोका, भाऊजी."

"चालतच नाही ते, तिले ठेवून काय करतं?"

गाडी तिला नकोच होती. फक्त ती आपल्या चाकांवर फाटकाबाहेर जावी, एवढं एक तिला हवं होतं. बाकी काहीच हवंसं वाटत नसताना हे मात्र वाटत होतं, म्हणून ते तिनं धरून ठेवलं. मुनव्वर हा श्रावणचा दोस्त, त्याचं स्वतःचं छोटं गॅरेज होतं. त्याला तिनं निरोप धाडला. मुनव्वरनं अमरावतीहून आपला मावसभाऊ आणला. इनायतुल्ला चांदूर रेल्वेच्या स्टेशनवरून सिनेमाच्या रिळांच्या पेट्या उचलून अमरावतीच्या टॉकीजला पोचवत असे, आणि त्याला पळणारी गाडी पाहिजे होती.

"सरळ केली तर नेतो," इनायतुल्ला आता म्हणाला. "अशी नेली तर माह्या बायकोले रिळं पोचवा लागतीन."

मुनव्वर गाडीखाली शिरला. गाडी तिच्या नेहमीच्या जागी, घराकडे तोंड करून उभी होती. पुढचं चाक ज्या जाड खिळीवर वळतं, तिला ते किंगपिन म्हणत. तिचा माथा जरासा मागे कललेला असावा लागतो. सायकलचा पुढचा चिमटा तिरपा असतो म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते, तसंच हे. हा कल देण्यासाठी श्रावणनं एक्सल आणि स्प्रिंगचे पाटे यांच्या मध्ये लोखंडी पाचरी ठोकल्या होत्या, स्वतः कानशीनं घासून केलेल्या.

"भाभी, ओळंबा धरता काय?"

पंचफुला ओट्यावरून उतरली. दोरी कुठं धरायची हे तिला सांगावं लागलं नाही. मुनव्वरनं दोरीपासून खिळीचं अंतर वर मोजलं, खाली मोजलं, दुसऱ्या चाकाशी जाऊन पुन्हा मोजलं.

"कल तर हाय," तो म्हणाला. "पाहिजे तेवढाच हाय. श्रावणचं काम चुकलं नाही."

"मंग माही नजर चुकली असंन," इनायतुल्ला म्हणाला. "नाली माह्याकडे आली असंन."

"चूप बस ना यार!"

मुनव्वर गाडीखालून निघाला. त्याच्या हातांना वंगण लागलं होतं. पंचफुलानं तांब्या आणि राखेची वाटी आणली. तो उकिडवा बसला आणि ती त्याच्या हातांवर पाणी ओतू लागली. काळं पाणी जमिनीवर पडलं, क्षणभर थांबलं, मग गाडीच्या पुढच्या चाकाला वळसा घालून तिच्या पोटाखाली गेलं आणि मागच्या बाजूनं निघून फाटकाकडे वाहू लागलं.

पंचफुला ते पाहत राहिली. तांब्या रिकामा झाला तरी तिनं तो तसाच वाकडा धरला होता.

"भाभी?"

"मुनव्वरभाऊ," ती म्हणाली, "गाडीचं तोंड वर हाय."

"कुठी वर हाय? अंगण तर पाटीसारखं हाय तुमचं."

"पाटीसारखंच हाय. पण पाटी तिरपी हाय. पावसाचं पाणी घरात नाही याले पाहिजे म्हणून मी दरसाल उन्हाळ्यात भिंतीकडून मुरूम टाकतो."

मुनव्वर उठला. त्यानं अंगणाकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग पुन्हा अंगणाकडे. श्रावण त्याच्या गॅरेजमध्ये मोजमाप करायला कधीच तयार झाला नव्हता. "तुही जमीन म्हणजे खड्डेच खड्डे," तो म्हणायचा. "आमच्या घरी ये, पंचफुलाचं अंगण पाहाय. गोटी ठेव अन् मोज." अंगण इतकं नीट सारवलेलं होतं, की गोटी कुणी ठेवलीच नाही.

"फिरवा गाडी," मुनव्वर म्हणाला.

तिघांनी गाडी ढकलली. पुढं, मागं, पुन्हा पुढं, असं करत नागडीचं तोंड फाटकाकडे झालं. पंचफुलानं पुन्हा दोरी धरली. या वेळी खिळीचा माथा मागे नव्हताच. तो पुढे झुकला होता.

"तिकडे तोंड तर मागं, इकडे तोंड तर पुढं," मुनव्वर म्हणाला. "खरं दोन्हीच्या मधात हाय. म्हणजे कल काहीच नाही, खिळी खांबासारखी उभी हाय. अरे श्रावण, अरे दोस्ता, अंगणाचा कल गाडीचा समजला ना तू!"

त्यानं तोंड फिरवलं. इनायतुल्ला फाटकाबाहेर पाहू लागला. पंचफुलानं दोरी गुंडाळली.

मुनव्वरनं गॅरेजमधून जाड पाचरी घासून आणल्या. एक्सल आवळून धरणारे यू-बोल्ट सोडले, जुन्या पाचरी काढल्या, नव्या बसवल्या. गाडी दोन्ही तोंडांनी उभी करून दोन्हीकडे मोजलं आणि मधलं माप धरलं. जुन्या पाचरी त्यानं चिंधीनं पुसल्या आणि पंचफुलाच्या हातात दिल्या. त्या थंड होत्या आणि वाटल्या होत्या त्यापेक्षा जड.

"बसा भाभी," इनायतुल्ला म्हणाला. "तुमी पाहून घ्या. मंग म्हणसान, अमरावतीवाल्यानं उगाच नावं ठेवली."

ती बसली. श्रावण जिवंत असताना ती एकदाच बसली होती, तेव्हा दोन्ही हातांनी सीट धरली होती. आता हात मांडीवर होते आणि त्यात पाचरी होत्या. वस्ती मागे पडली. दोन्ही बाजूंना कापसाची शेतं लागली. इनायतुल्लानं वेग वाढवला आणि स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलून आपल्या कानांना लावले.

नागडी सरळ गेली. पुढं वळण आलं. त्यानं स्टिअरिंग फिरवलं, वळण संपताना पकड सैल केली, आणि ते त्याच्या तळव्यांतून आपलं आपण सरकत जाग्यावर आलं.

"पाहा! आली माघारी! आता हिले रेडा म्हणलं तर जीभ झडंन माही."

पंचफुला त्या स्टिअरिंगकडे पाहत होती. हे घरी जाऊन श्रावणला सांगायचं, असं तिच्या मनात आलं. त्याच्या पुढचा विचार आला नाही. वारा डोळ्यांत जात होता, त्यानं पाणी आलं, आणि ते वाऱ्याचंच होतं.

शनिवारी इनायतुल्ला गाडी घेऊन गेला. रविवारी सकाळी पंजाबरावांची बैलगाडी आली, सोबत शेषराव. अंगण रिकामं होतं. पंचफुला एका कोपऱ्यात शेण कालवत बसली होती.

"कुठी हाय गाडी?"

"अमरावतीले गेली, भाऊजी."

"कोणाच्या गाड्यावर?"

"आपल्या चाकावर."

शेषराव संतापला. मी माणसाला शब्द दिला, माझी काय किंमत राहिली, वगैरे तो पुष्कळ बोलला. गाडीवानानं बैल वळवले. तो दिसेनासा झाल्यावर शेषराव ओट्यावर बसला.

"नीट गेली काय?" मग त्यानं विचारलं.

"नीट गेली. हात सोडून."

"मंग त्याच्यानं काहून नाही झालं हे? हातात विद्या होती त्याच्या."

"पाचरी बरोबरच होत्या. माह्या अंगणाले उतार हाय."

शेषरावला ते उमगायला वेळ लागला. त्यानं फाटकापर्यंत नजर नेली आणि परत आणली. "आता सपाट करशीन मंग," तो म्हणाला.

"काहून?" पंचफुला म्हणाली. "पाणी घरात येईन."

तिनं शेणाचा गोळा उचलला आणि नागडीच्या चाकांच्या खुणा होत्या तिथून, भिंतीकडून फाटकाकडे, सारवायला सुरुवात केली.