सोमवारची गोळी

चौऱ्याऐंशी सालात कोल्हापूरच्या एसटी स्टँडावरून ज्यानं गाडी पकडली, त्यानं रुद्राप्पा घुगऱ्यांचा आवाज ऐकलाच असणार. चेहरा फारसा कुणाला माहीत नव्हता. पण आवाज म्हणाल तर पार गडहिंग्लजपर्यंत ओळखीचा. कंट्रोल केबिनमध्ये माईकपुढं बसून ते गाड्या पुकारायचे. 'प्रवाशांनी नोंद घ्यावी' एवढं म्हटलं की पेपर वाचणारा पेपर मिटायचा आणि भजी खाणारा भज्यासकट उठायचा. निपाणी, संकेश्वर, बेळगावच्या गाड्या ते आधी मराठीत आणि मग कानडीत पुकारायचे. दोन्ही भाषा त्यांच्या तोंडात सारख्याच गोड होत्या.

स्टँडाला लागूनच शाहूपुरीत दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. लेक लग्न होऊन नेसरीला गेली होती, घरात नवराबायको दोघंच. स्टँडावरच्या कर्ण्याचा आवाज थेट स्वयंपाकघरात यायचा. बायको शांतव्वा संकेश्वराकडच्या खेड्यातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. दिवसभर नवऱ्याचा आवाज कानांवर पडून पडूनच ती मराठी शिकली. शेजारणीकडं मीठ मागता यायच्या आधी तिला 'फलाट क्रमांक चारवर उभी आहे' म्हणता येत होतं. गल्लीतल्या बायका हसून हसून बेजार व्हायच्या.

रुद्राप्पांना लहानपणी सांधे धरणारा ताप येऊन गेला होता. त्या तापानं हृदयाची झडप खाल्ली. चाळिशी उलटल्यावर जिना चढताना धाप लागायला लागली आणि दोन वर्षांपूर्वी वेल्लोरला ऑपरेशन करून धातूची झडप बसवून आणली. शांत बसले की छातीतून बारीक टकटक ऐकू यायची. जोडीचे कंट्रोलर गणपतराव म्हणायचे, "रुद्राप्पा, आता केबिनमधलं घड्याळ विकून टाकूया की." रुद्राप्पा म्हणायचे, "विका, पण मला चावी द्यायला येऊ नका."

झडपेबरोबर एक गोळी आली. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी शांतव्वाला समोर बसवून सांगितलं होतं, "काहिलीच्या कडेला गूळ चिकटतो बघा, तसं धातूला रक्त चिकटतं. तिथली गुठळी सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात. म्हणून रक्त पातळ ठेवणारी ही गोळी रोज घ्यायची. आणि दर महिन्याला मिरजेला रक्त तपासून आणायचं." औषधाच्या पाकिटावर कंपाउंडरनं लिहिलं होतं, 'रात्री जेवणानंतर एक.' शांतव्वा दुसरीपर्यंत शिकलेली. तिनं ते तीन शब्द लावून लावून वाचले आणि देवाची आज्ञा असावी तसे पाळले. रात्री रुद्राप्पा जेवून हात धुतात तोवर तिच्या तळहातावर गोळी तयार असायची.

देवाचंही एक होतंच. वेल्लोरच्या दवाखान्यात, नवरा आत आणि आपण बाहेर, अशा वेळी ती महादेवाला म्हणाली होती की माझा माणूस धड घरी येऊ दे, आम्ही दोघं दर सोमवार कडक करू. कडक म्हणजे कडक. पाण्याशिवाय काही नाही, मंगळवारी सकाळीच तोंडात घास. बाई नवसाची पक्की. दोन वर्षं एक सोमवार सुटला नाही. यंदा नवऱ्याची तब्येत बघून तिला इतकं समाधान वाटलं की श्रावणात तिनं आपल्याच मनानं दोघांसाठी गुरुवार आणि शनिवारही जोडले. रुद्राप्पांनी हूं का चूं केलं नाही.

श्रावणातल्या शेवटच्या मंगळवारी सकाळी शांतव्वा भाकरी थापत होती. कर्ण्यावर आवाज आला, "कागल, निपाणी, संकेश्वरमार्गे गडहिंग्लजला जाणारी गाडी फलाट क्रमांक..." आणि पुढं नुसती बडबड. जड, ओली, अर्थ नसलेली बडबड. स्टँडावर काही लोक हसले म्हणे, त्यांना वाटलं घुगरे आज रंगात आलेत. शांतव्वाला हसू आलं नाही. पिठाच्या हातानं ती रस्ता ओलांडून धावली. केबिनमध्ये गणपतरावांनी रुद्राप्पांना धरून ठेवलं होतं. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लोंबत होता, आणि डोळे मात्र लख्ख जागे. ते तिला काहीतरी सांगत होते आणि तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

दवाखान्यात तेच डॉक्टर होते, म्हणाले, "झडपेवरची गुठळी मेंदूत गेलीया. गोळ्या चुकल्या होत्या का?"

"एक बी न्हाय," शांतव्वा म्हणाली. "देवाशपथ."

खोटं बोलत नव्हती बिचारी. तिच्या लेखी एकही चुकली नव्हती. या महिन्यात श्रावणाच्या गडबडीत मिरजेची फेरी तेवढी राहिली होती, ते तिनं सांगितलं. डॉक्टर रक्ताचा कागद उलटसुलट करत राहिले. गोळी घेणाऱ्या माणसाचं रक्त इतकं दाट कसं, हे त्यांना उमजेना.

ते उमजलं पुढच्या सोमवारी. सरोजिनी सिस्टर संध्याकाळी गोळ्यांचा ट्रे घेऊन आल्या. शांतव्वानं हात आडवा धरला.

"आज न्हाय, सिस्टर. आज सोमवार. जेवण न्हाय, तर जेवणानंतरची गोळी कुठनं द्यायची?"

सिस्टरनी ट्रे खाली ठेवला. "आक्का, घरी बी असंच करत होता?"

"व्हय की. दोन वर्षं."

"आणि श्रावणात?"

शांतव्वानं बोटांवर मोजायला सुरुवात केली. सोमवार. गुरुवार. शनिवार. तिसऱ्या बोटावर ती थांबली. काय केलं आपण, हे तिला तिथं, त्या लोखंडी खाटेशी उभं राहून कळलं.

डॉक्टर आले. त्यांनी कपाळाला हात लावला, पण आवाज चढवला नाही. म्हणाले, "अहो बाई, ती गोळी नुसत्या पाण्याबरोबर चालते. उपास करा, नका करू, गोळीला त्याचं काय नाय. जेवणानंतर लिहितो ते आठवण राहावी म्हणून." मग जरा थांबून म्हणाले, "आमचंबी चुकलंच. कोल्हापुरात औषध द्यायचं आणि उपासाचं विचारायचं नाय, हे काय खरं नव्हं." त्यांच्या त्या बोलण्यानं शांतव्वाला जास्तच रडू आलं. कुणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं.

रुद्राप्पांचा हात महिन्याभरात हलायला लागला, तोंडही बरंचसं जागेवर आलं. बोलणं मात्र रुसलं होतं. दहाव्या दिवशी त्यांनी पहिला शब्द काढला तो 'नीर.' कानडीत पाणी. शांतव्वानं अख्खा तांब्या त्यांच्या तोंडाला लावला. मग हळूहळू 'साकु' आलं, पुरे म्हणून. मग ऊट, जेवण. आईच्या मांडीवरची भाषा जिथं ठेवली होती तिथं शाबूत होती. मराठी तेवढी कुठं गेली कुणास ठाऊक. गणपतराव भेटायला आले की रुद्राप्पा त्यांचं सगळं समजून घ्यायचे, उत्तर द्यायला तोंड उघडायचे आणि कानडीच बाहेर पडायची. गणपतराव मान हलवायचे, "बरं बरं," म्हणायचे, आणि बाहेर जाऊन डोळे पुसायचे.

गणपतरावांनीच निरोप आणला. डेपोच्या साहेबांनी दिवाळीपर्यंत जागा राखून ठेवली होती. दिवाळीच्या आधीच्या सोमवारी साहेब स्वतः केबिनमध्ये येणार, रुद्राप्पांनी गडहिंग्लजची गाडी पुकारायची. जमलं तर माईक त्यांचा. नाही जमलं तर वर्कशॉपच्या भांडारात बसायचं, नट-बोल्टांवर लक्ष ठेवत. पगार तोच. पण ते ऐकून रुद्राप्पांचा चेहरा असा उतरला की शांतव्वानं भाकरीचं ताट पुढं सारलं तरी त्यांनी हात लावला नाही.

तिनं पदर खोचला. रोज दुपारी ती त्यांच्यापुढं बसायची आणि म्हणायची, "म्हणा. प्रवाशांनी."

"प्र," म्हणायचे रुद्राप्पा, आणि पुढं भिंत.

"वाशांनी."

घाम यायचा माणसाला. एकदा चिडून त्यांनी पाण्याचा पेला भिरकावला. शांतव्वानं पेला उचलून आणला, म्हणाली, "पेला टाकायला उजवा हात चालला की. चला, प्रवाशांनी." मग एक दिवस तिला एक गंमत सापडली. आधी कानडीत म्हणवून घेतलं की तो शब्द पाठोपाठ मराठीतही यायचा, शेपटी धरून आल्यासारखा. पण एकेक शब्दच. अख्खं वाक्य कधी आलं नाही.

आणि एवढं सगळं करताना एक गोष्ट तिनं मागंच ठेवली होती. रुद्राप्पांना तिनं खरं सांगितलेलं नव्हतं. गुठळी झाली, एवढंच त्यांना माहीत होतं. कशानं झाली ते सिस्टरना माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं आणि तिला. तिला वाटायचं, सांगितलं आणि त्यांनी तोंड फिरवलं तर? सव्वीस वर्षांचा संसार. ती मनातून फार भ्यायली होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, तिला ते पोटात ठेवणं अशक्य झालं. ती कानडीत बोलली, म्हणजे त्यांना उत्तर द्यायला अडचण नको. नवस मी बोलले, म्हणाली. उपास मी वाढवले. जेवण नाही म्हणून गोळी नाही, हेही माझंच. तुमचा आवाज मी घालवला.

रुद्राप्पांनी तिच्याकडं बघितलं. ते उठले, खुंटीवरचा गणवेशाचा शर्ट काढला आणि डाव्या हातानं त्याची बटणं तपासत बसले. रात्री जेवले, गोळी तिच्या हातातून न घेता स्वतः पाकिटातून काढून घेतली, आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. शांतव्वाला जे कळायचं ते कळलं, असं तिला वाटलं.

सोमवारी दुपारी गणपतराव त्यांना घेऊन गेले. शांतव्वा गेली नाही. जायचं धैर्य झालं नाही. उपाशी पोटी ती चुलीपाशी बसून राहिली. आजचा उपास सोडावा की धरावा, हे तिला ठरवता येत नव्हतं. गोळी पाण्याबरोबर देता येते, ते आता माहीत होतं, दवाखान्यापासून सोमवारी ती तशीच देत होती. पण देवाशी बोललेला शब्द आणि नवऱ्याचं ते बघणं, दोन्ही एकदम छातीवर बसली होती.

चारला कर्णा खरखरला. मग काहीच नाही. स्टँडावरचा कल्ला तेवढा ऐकू येत होता, चहावाल्याची हाक, कुठलीशी गाडी रिव्हर्स घेत होती. शांतव्वाचे ओठ आपोआप हलायला लागले. प्रवाशांनी. प्रवाशांनी.

आणि आवाज आला, पण कानडीत. गडहिंग्लजची गाडी, फलाट, मार्ग, सगळं सलग, न अडखळता. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, हे गणपतरावांनी नंतर सांगितलं. त्यांनी माईक बंद करायला हातही पुढं केला होता. गणपतरावांनी साहेबांचा तो हात सरळ धरून ठेवला. तेवढ्यात कर्ण्यातून आलं, "प्रवाशांनी... नोंद... घ्यावी." सावकाश, एकेक शब्द हातानं पुढं ढकलल्यासारखा. "कागल, निपाणी... संकेश्वरमार्गे... गडहिंग्लजला जाणारी गाडी... फलाट क्रमांक चारवर... उभी आहे."

पूर्वीचा झोक नव्हता त्यात. पण स्टँडावर कोण कुठं असेल तिथून टाळ्या सुरू झाल्या. शांतव्वा पदरात तोंड घालून रडत होती, आणि तेवढ्यात कर्णा पुन्हा खरखरला.

"शांतव्वा." अख्ख्या स्टँडावर, अख्ख्या शाहूपुरीत. "दोन वर्षं... सोमवारी... भूक लागत हुती मला. तुला वाईट वाटंल... म्हणून बोललो न्हाय. आज रात्री... जेवणार हाय. तू बी जेव. मग गोळी दे... तुझ्या हातानं."

मागून साहेबांचं "अहो घुगरे" ऐकू आलं आणि माईक बंद झाला. गल्लीतल्या दारादारांत बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. बायडाबाई शेजारीण आत डोकावून म्हणाली, "अगं, ऐकलंस का न्हाय?"

"ऐकलं की," शांतव्वा म्हणाली.

तिनं डोळे पुसले, कोनाड्यातल्या महादेवाकडं बघितलं आणि म्हणाली, "तुझं माझं काय ते आपण सावकाश बघू." मग डब्यातलं ज्वारीचं पीठ काढलं, एकाला लागतं त्याच्या दुप्पट, आणि परातीत मळायला घेतलं.